डावीकडून उभे

दर गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या वर्तमानपत्राच्या जालन्यातल्या कचेरीत एक पाकीट येत असे. पाकिटात टंकलिखित मजकुराचा एक कागद आणि एक कृष्णधवल छायाचित्र. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने नावे लिहिलेली असत, सुरुवात ठरलेली: ‘डावीकडून उभे’. कधी बारा नावे, कधी अठरा. एकदा तर सव्वीस होती. पाकीट आणणारा माणूस ते टेबलावर ठेवून निघून जात नसे. मी वाचेपर्यंत तो उभा राही आणि मग हळूच विचारी, "साहेबांनी विचारलंय, उद्या येईल का परवा?"

ही पाकिटे गावातल्या सेवाभावी क्लबांची. जालन्यात रोटरी आहे, लायन्स आहे, आणि त्यांच्या धर्तीवर निघालेली, काही काळ चाललेली आणि मग अध्यक्षांच्या बदलीबरोबर गेलेली मंडळेही होती. मजकूर बहुधा एकाच साच्याचा असे. साप्ताहिक सभा उत्साहात पार पडली; अमुक डॉक्टरांनी मधुमेहावर उद्बोधक व्याख्यान दिले; शासकीय रुग्णालयात फळवाटप झाले; शाळेत गणवेश दिले; अमुक सदस्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त त्यांचे सपत्नीक अभिनंदन करण्यात आले; आभारप्रदर्शनाने कार्यक्रमाची सांगता झाली. मी लाल पेन घेऊन बसे. ‘उद्बोधक’ काढी, ‘उत्साहात’ काढी, अठरा नावांतली दहा काढी. मग सगळा ऐवज पाकिटात घालून औरंगाबादला जाणाऱ्या संध्याकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या स्वाधीन करी. त्या काळी जिल्ह्याच्या बातम्या अशाच जायच्या. बस चुकली की बातमी शिळी.

बातमीच गाळली तर कुणी फारसे बोलत नसे. नाव गाळले की मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. एका सद्गृहस्थांनी तर मला सुनावले होते, "तुम्ही ‘आदी मान्यवर’ असं लिहिता ना, त्या आदींमध्ये दर वेळी मीच असतो."

निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना एक जाडजूड फाईल हाती लागली. त्या क्लबांपैकी एकाच्या साप्ताहिक वार्तापत्राचे अंक, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर काढलेले. शाई फिकी झालेली, काना-मात्रा उडालेल्या. क्लबाचे नाव मुद्दामच सांगत नाही. जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, पण नाव छापले की वाचकाचे लक्ष भलतीकडेच जाते, हे इतकी वर्षे या धंद्यात काढल्यावर मला कळले आहे.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांना या क्लबांचे थोडे हसू येई, थोडा रागही येई. कोट-टाय घातलेली माणसे, अध्यक्षांच्या गळ्यात ती चकाकती पट्ट्यापट्ट्यांची माळ, टेबलावर पितळी घंटा, आणि ती लाकडी हातोडीने वाजवल्याखेरीज सभा सुरू व्हायची नाही. सदस्यांच्या बायकांना म्हणे ‘ॲन’ म्हणायचे आणि मुलांना ‘ॲनेट’! जालन्यासारख्या, मोसंबीच्या पाट्या आणि बैलगाड्यांनी भरलेल्या गावात हा काय प्रकार, असे वाटे. बायकांना स्वतःच्या नावाने सदस्य व्हायला तर जगभरच्या रोटरीत १९८९ सालापर्यंत थांबावे लागले. तोवर त्या ‘ॲन’च होत्या, आणि शिबिरातल्या रुग्णांचा स्वयंपाक बहुतेक वेळा त्यांच्याच देखरेखीखाली होई. छायाचित्रात त्या ‘बसलेल्या’ असत.

या साऱ्याचे मूळ मात्र फार साधे आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन परिचितांना एकत्र बसवले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक. मोठ्या शहरात आलेली, एकटी पडलेली माणसे ही. या आठवड्याला एकाच्या कचेरीत बसायचे, पुढच्या आठवड्याला दुसऱ्याच्या. असे फिरते म्हणून नाव ‘रोटरी’. एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा, हाही नियम तेव्हाचाच. सुरुवातीला सेवा वगैरे काही नव्हते. ती आली १९०७ मध्ये, आणि त्यांनी हाती घेतलेले पहिले लोकोपयोगी काम कोणते, तर शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी खटपट. आमच्याकडच्या किती क्लबांना हा इतिहास ठाऊक असेल कोण जाणे. बसस्थानकावरची मुतारी हा विषय पदग्रहण समारंभात निघाल्याचे मी तरी कधी ऐकले नाही. पुढे कोलकात्यात १९२० साली आणि मुंबईत १९२९ साली रोटरी आली. लायन्सची स्थापनाही शिकागोचीच, १९१७ ची, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने झालेली. ते भारतात आले १९५६ साली. १९२५ मध्ये हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात गेल्या आणि अंधांसाठी तुम्ही उभे राहा, असे त्यांनी आवाहन केले. आपल्या तालुक्याच्या शाळेत भरणाऱ्या नेत्र शिबिराचा धागा असा कुठे जाऊन पोचतो.

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होतो. गाव मात्र जुने, व्यापारी, ‘जालना सोने का पालना’ म्हणून मिरवणारे. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. लोखंडाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल्स इथे आहेत, आणि बियाणे तर इतके की बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच ‘महिको’ सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हा एका धंद्याचा एक माणूस हा शिकागोचा नियम जालन्यात लावला की सभेचे रूप मोठे मजेदार होई. एक लोखंडवाला, एक बियाणेवाला, एक अडत्या, एक सर्जन, एक दंतवैद्य, एक सनदी लेखापाल, एक वकील, एक सिनेमा थिएटरवाला. आणि एक स्पेअर पार्टवाला. याच्याकडे मला यायचे आहे.

त्याआधी माझी आत्या.

वाटूर फाट्यावरून आत गेले की तिचे गाव. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. चूल पेटवताना हात भाजायचा, जोंधळ्यातले खडे नातीला निवडायला लागायचे. १९८९ च्या जानेवारीत त्या क्लबाचे नेत्र शिबिर भरले तेव्हा पत्रकार म्हणून माझी ओळख होतीच. मी तिला गावाहून आणले, फॉर्म मीच भरला, रांगेत मीच उभा राहिलो. शिबिर एका शाळेत होते. वर्गातली बाके बाहेर काढून सतरंज्या अंथरलेल्या, एका वर्गात शस्त्रक्रियेची सोय, व्हरांड्यात चुली. आज हे वाचून डॉक्टर मंडळींच्या अंगावर काटा येईल, पण तेव्हा गावोगाव असेच चाले. शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस तिथेच राहायचे. डोळ्यावर हिरवी पट्टी, खोकायचे नाही, वाकायचे नाही. रुग्णांना सकाळी शिरा असे. आत्या म्हणाली होती, "सासरी पन इतका शिरा कधी भेटला न्हाई."

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी छायाचित्र झाले. हिरव्या पट्ट्या बांधलेली माणसे पुढे बसलेली आणि मागे डावीकडून उभे. पाकीट आले. मी ‘उत्साहात’ काढले, नावे कमी केली आणि मथळा दिला: ‘नेत्र शिबिरात शंभरावर रुग्णांवर यशस्वी शस्त्रक्रिया’.

या ‘यशस्वी’ शब्दापाशी थोडे थांबायला हवे. पट्टी सुटायची होती. कुणाला काय दिसते आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली हे आम्ही दुसऱ्या दिवशी छापले, कारण तिसऱ्या दिवशी ती बातमी राहिली नसती.

त्या काळच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातले गढूळ झालेले भिंग काढून टाकत आणि त्याच्या जागी आत काहीच बसवत नसत. आतले भिंग गेले म्हणजे बाहेरून भिंग लावायला हवे. दहा नंबरचा, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. तो नसेल तर शस्त्रक्रिया कितीही चांगली होवो, माणसाला उजेड दिसतो, रंग दिसतात. चेहरा दिसत नाही. शिबिर संपेपर्यंत चष्म्यांची पेटी पोचली नव्हती. ‘सर्वांना चष्मे घरपोच देऊ’ असे व्यासपीठावरून सांगण्यात आले, टाळ्या झाल्या, आणि तेही मी छापले.

मग मी विसरलो. खोटे कशाला सांगू? होळी गेली, पाडवा गेला. वैशाखात गावी लग्न होते म्हणून गेलो. जेवणाच्या पंगतीत आत्या पाणी वाढत होती. माझ्यापाशी आली आणि तांब्याची धार पेल्याशेजारी, जमिनीवर पडू लागली. पोरे हसली. मी विचारले, "आत्या, दिसतं का गं?" ती म्हणाली, "दिसतंय की रं. पन समदं पान्यात बुडाल्यावानी." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्या वाट्याला एवढेच दिसणे आले आहे अशी तिची समजूत झाली होती. माझ्या बातमीतल्या शंभरावर यशस्वी रुग्णांत ती एक होती.

जालन्याला परतलो आणि पुढच्या साप्ताहिक सभेला जाऊन बसलो. बातमीसाठी अनेकदा गेलो होतो, पण भाषण झाले की उठायचे हा आमचा शिरस्ता. त्या दिवशी पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत बसलो. प्रार्थना, मागच्या सभेचे इतिवृत्त, वाढदिवस, हजेरीची टक्केवारी. हजेरीचे तिथे मोठे प्रस्थ असते. सभा चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन ती भरून काढायची. लोक मुंबईला मालाच्या खरेदीला गेले तरी तिथल्या सभेला हजेरी लावून चिठ्ठी आणत. मला ते पोरकट वाटे. मग एका बँक अधिकाऱ्याचे ठेवींवर भाषण झाले, त्यात दोघे पेंगले. चहाच्या वेळी मी सचिवांना गाठून जरा चढ्या आवाजातच चष्म्यांचे विचारले. सचिव गडबडले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक गृहस्थ उठले. मोंढ्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मोटारींच्या स्पेअर पार्टचे त्यांचे दुकान होते. पिशवीतून त्यांनी दोनशे पानी वही काढली. गाववार यादी, प्रत्येक नावापुढे खूण किंवा रिकामी चौकट.

"कोणतं गाव म्हणालात? तिथं मी दोनदा जाऊन आलो. या नावाची बाईच नाही म्हणतात."

मी वही पाहिली. नाव माझ्याच फॉर्मवरून उतरवलेले होते. मी आत्याचे माहेरचे आडनाव लिहिले होते, म्हणजे आमचे. मला ती त्याच नावाने ठाऊक. सासरच्या गावात पन्नास वर्षे राहिलेल्या बाईला त्या नावाने कोण ओळखणार? हा माणूस रणरणत्या उन्हात राजदूत मोटारसायकल घेऊन, मागे कॅरिअरला चष्म्यांचा खोका बांधून, दोन रविवार तिला शोधत फिरला होता, आणि मी तिचा भाचा, पत्रकार, इथे येऊन आवाज चढवत होतो.

पुढच्या रविवारी आत्याला चष्मा मिळाला. मी बरोबर नव्हतो. तिनेच नंतर सांगितले. चष्मा घातल्यावर तिने आधी आपले हात पाहिले, मग नातीला जवळ ओढून म्हणाली, "ही तर अगदी माझ्या मायवर गेली."

मी त्या गृहस्थांवर लिहायचे ठरवले. त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, "तुम्ही लिहिलंत की पुढच्या रविवारी आणखी चौघं येतील बरोबर, फोटोवालाही येईल. राजदूतवर जागा एकाचीच आहे." आता ते हयात नाहीत. नाव अजूनही लिहीत नाही.

फाईल चाळताना मी पहिल्यांदा काय केले असेल, तर १९८९ चे अंक शोधले. शिबिराच्या अंकाला चार पाने, अध्यक्षांचे मनोगत, देणगीदारांची यादी. त्यानंतरच्या दर आठवड्याच्या अंकात अगदी तळाशी, वाढदिवसांच्या खाली, एखादी ओळ. ‘चष्मेवाटप चालू.’ ‘अंबड बाजू पूर्ण.’ ‘मंठा रस्ता: १४ दिले, ३ घरी नव्हते, पुन्हा जाणे.’ असे आठवड्यामागून आठवडे. या ओळी माझ्याकडे तेव्हाही येत होत्या, कारण वार्तापत्र कचेरीत यायचेच. त्यांतली एकही मी छापली नाही. छापण्यासारखे त्यात होते तरी काय?

मला हेच मांडायचे आहे. सेवाकार्याची जी बातमी होते ती पहिल्या दिवसाची. फीत कापली, नारळ फुटला, रोप लावले. काम असते ते विसाव्या आठवड्याचे, आणि विसाव्या आठवड्याला छायाचित्रकार नसतो. उन्हाळ्यात पाणपोईचे उद्‌घाटन मी किती वेळा छापले असेल! अक्षय तृतीयेच्या आसपास रांजण भरलेले, वर ओले फडके, शेजारी पाहुणे पेला घेऊन उभे. ज्येष्ठ उजाडेपर्यंत त्यांतले किती रांजण कोरडे पडत ते मी जाता-येता पाही. ती बातमी मी कधी दिली नाही. वृक्षारोपणाचे तर विचारूच नका. काही खड्ड्यांना दर पावसाळ्यात नवा प्रमुख पाहुणा लाभे. दोष निव्वळ क्लबांचा नाही. उद्‌घाटन छापून आम्ही त्यांना उद्‌घाटनाची चटक लावली.

याच्या उलट उदाहरण द्यायचे तर पोलिओचे द्यावे लागेल. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपीन्समधल्या मुलांना लस देण्यापासून हे काम सुरू केले आणि १९८५ पासून जगभराचा विडा उचलला. आपल्याकडे १९९५ च्या डिसेंबरात देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पहिल्या वर्षी तीन वर्षांपर्यंतची बाळे, पुढच्या वर्षापासून पाचपर्यंतची. पहिल्या फेरीला आमच्या कचेरीत उत्साह होता. मंत्री डोस पाजताहेत, बाळ रडते आहे, अशी छायाचित्रे पहिल्या पानावर. दुसऱ्या फेरीला ती आतल्या पानावर गेली. पुढे वर्षामागून वर्षे, हिवाळ्यात पुन्हा रविवार, पुन्हा बूथ, पुन्हा बर्फाच्या पेटीत लशीच्या कुप्या, पुन्हा करंगळीला शाई. ‘पोलिओ मोहीम यशस्वी’ हा मथळा इतका झिजला की एका वर्षी मी तो लिहायचा कंटाळा केला.

खरा भार अर्थातच सरकारी आरोग्यसेविका आणि अंगणवाडी ताईंनी वाहिला, तो कुणी विसरू नये. पण बूथवर मांडवाचे कापड लागते, सकाळी सहाला बर्फ लागतो, डोस न घेतलेल्या वस्तीत जायला जीप लागते, त्या वस्तीत शब्दाला मान असलेला माणूस लागतो. रोटरीची माणसे तिथे येत. डोसाने मुले वांझ होतात अशा अफवा उठल्या की मोहल्ल्यातल्या दवाखान्याचे डॉक्टर, दुकानदार आणि मौलवी साहेब यांना एकत्र बसवावे लागे. ते काम आदेशाने होत नाही, ओळखीने होते. आणि दर आठवड्याला एकमेकांची हजेरी घेणाऱ्या माणसांना पुन्हा त्याच कामाला बोलावणे सोपे असते. सभेच्या हजेरीचा तो पोरकटपणा मला तेव्हा कळला. भाषण रटाळ असो, दोघे पेंगोत. माणसे एकत्र येण्याची सवय मोडत नाही, आणि सवयीच्या जोरावर सोळावा रविवारही पार पडतो. भारतातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला. २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, त्यात आपण होतो. ती बातमी पहिल्या पानावर आली, आणि तिच्यात डावीकडून उभे कुणीच नव्हते.

नेत्र शिबिरांचेही नंतर रूप पालटले. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम झाला, महाराष्ट्र त्यात होता. शाळेतल्या वर्गात शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मागे पडली. गावात तपासणी करायची, रुग्ण गाडीने रुग्णालयात न्यायचा, डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवायचे आणि परत आणून सोडायचे, असे सुरू झाले. जालन्यात बारवाल्यांच्या पुढाकाराने श्री गणपती नेत्रालय उभे राहिले, आणि मराठवाड्याबाहेरूनही रुग्ण आमच्या गावात येऊ लागले. आत्यासारखा सोड्याच्या बाटलीच्या बुडाचा चष्मा आज क्वचितच कुणाच्या नाकावर दिसतो. क्लबाचे काम आता गाडी पाठवण्याचे आणि यादी ठेवण्याचे उरले आहे. ते छायाचित्रासाठी फारसे देखणे नाही. म्हणूनच ते टिकले पाहिजे असे मला वाटते.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने काय भोगले ते इथल्या घरांना सांगायला नको. नळाला पाणी आलेल्या तारखेवर आम्ही दिनदर्शिकेत खूण करीत असू, आणि दोन खुणांमधली घरे मोजीत असू. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव गाळाने भरून आला होता. त्या आधीच गावातल्या काही मंडळींनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच काढून गाळ उपसायला सुरुवात केली होती. शेतकरी तो गाळ आपल्या गाड्यांनी उचलून रानात नेत. गाळ काढणे हे जगातले सर्वांत कमी छायाचित्रणीय काम असावे. यंदा काढा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा काढा. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांचे मासिक चर्चासत्र भरते, तेही याच जातीचे. दर महिन्याला या, बसा, कापसाचे आणि मोसंबीचे बोला, घरी जा. अशा बैठकांतून एकदम काही घडत नाही. पण बैठकच नसेल तर वेळ आल्यावर कुणाला हाक मारायची, हे कुणालाच ठाऊक नसते.

आता साप्ताहिक सभांचे दिवस ओसरत चालले आहेत. २०१६ मध्ये रोटरीनेच जागतिक पातळीवर नियम सैल केले. महिन्यातून दोनदा जमले तरी चालते. तरुण सदस्यांना वेळ नाही, त्यांची अडचण खरी आहे. सायक्लोस्टाइलचे वार्तापत्र गेले, व्हॉट्सॲपचा गट आला. रोप खड्ड्यात उतरण्याच्या आत त्याचे छायाचित्र गटावर येते आणि खाली टाळ्यांचे चाळीस पंजे. इतिवृत्त कुणी लिहीत नाही. गेल्या जुलैत लावलेल्या रोपांतली किती जगली, असे गटावर विचारले तर प्रश्न वर सरकून जातो; पुढचा शुभेच्छा संदेश त्यावर येऊन बसतो. वहीतली रिकामी चौकट वहीत रिकामीच दिसत राही.

माझी एक सूचना आहे. तिच्यावर क्लबांनी रागवावे की वर्तमानपत्रांनी, ते त्यांनी ठरवावे. कोणत्याही उपक्रमाची बातमी छापताना संपादकांनी ती एका वहीत नोंदवावी आणि बरोबर एक वर्षाने, त्याच जागी, तेवढ्याच आकारात, त्याच कामाची दुसरी बातमी छापावी. शाळेला दिलेले संगणक चालू आहेत का? शुद्ध पाण्याच्या यंत्राची जाळी शेवटची कधी बदलली? शिलाई यंत्रे मिळालेल्या बायका काय शिवताहेत? मिळालेले उत्तर चांगले असेल तर अठराच्या अठरा नावे छापावीत, एकही गाळू नये. मी स्वतः लाल पेन ठेवून देईन.

जुलैमध्ये क्लबांचे नवे वर्ष सुरू होते. फाईल ज्या क्लबाची, त्याच्या सध्याच्या अध्यक्ष एक तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. त्यांना फाईल परत द्यायला गेलो तेव्हा त्या उभ्याउभ्याच चाळू लागल्या आणि हसून म्हणाल्या, "काका, या तळच्या ओळी कोण लिहायचं?" मी सांगितले. त्या खुर्ची ओढून बसल्या.

देण्याआधी मी त्यातल्या दोन ओळी माझ्या वहीत उतरवून घेतल्या. दोन्ही १९८९ च्या उन्हाळ्यातल्या, लागोपाठच्या अंकांतल्या. पहिली: ‘वाटूर फाटा: बाई मिळत नाहीत, नाव तपासणे.’ दुसरी, आठवड्याने: ‘बाई भेटल्या. नाव दुसरे होते. चष्मा दिला, चहा घेतला.’